साखळीचा वण

नेकाने सोळा वर्षांची झाली त्या मंगळवारी
तिच्या मुठीत एक रबरी बदक होतं, पिवळंधमक,
जीपवाले एकमेकांच्या गाड्यांवर ठेवून जातात तसलं.
गाडीचा पत्ता नाही, बदक आधी घरात.
"बाजारात तुरी," तिची आई म्हणाली
आणि रात्रपाळीला निघून गेली.

आमच्या एल्कोत पोरांना दुसरं काही दिसतच नाही.
शाळेच्या आवारात सगळ्या त्याच,
दारं काढलेल्या, छत गुंडाळलेल्या,
चाकं अशी की चढायला स्टूल लागावं.
आणि मी गेली एकोणीस वर्षं
उलटलेल्या गाड्या सरळ करून पोट भरतोय.
टो ट्रकवाल्याला त्या भेटतात तेव्हा
पोट वर असतं, चारी चाकं आभाळात,
पाठीवर पडलेल्या झुरळासारखी.

उंच आहे म्हणून लांबचं दिसतं, ती म्हणते.
उंच आहे म्हणून कलंडते, मी म्हणतो.
"पणजोबा तेराव्या वर्षी
दोन हजार मेंढ्या घेऊन डोंगरात एकटे राहिले,
हे तुम्हीच सांगता ना?"
सांगतो खरं. दर ख्रिसमसला सांगतो.
मेंढ्या ताशी सत्तर मैलांनी वळण घेत नाहीत
हे मला रात्री दात घासताना सुचलं.

शनिवारी स्प्रिंग क्रीकला गेलो.
नारिंगी जीप, विकणारा कोल्टन, वय फार तर चोवीस,
बायको दारात उभी, सातवा महिना.
बाळाची खुर्ची मागे नीट बसत नाही, तो म्हणाला,
जणू माफी मागत होता, आमची की गाडीची कोण जाणे.
नेकानेने बॉनेटवर तळहात ठेवला,
घोड्याच्या मानेवर ठेवतात तसा.
मी खडीवर आडवा झालो, टॉर्च दातांत धरून.

गंज बेताचा. तेल कुठे गळत नव्हतं.
मग डाव्या बाजूला, चासीच्या पट्टीवर,
तिरका ओरखडा, वरून नवा काळा रंग.
आपलं अक्षर आपण ओळखतो, तसा मी तो ओळखला.
माझ्या जुन्या साखळीची एक कडी वाकडी होती.
तो वाकडेपणा तिथे रुतून बसला होता.

दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. लॅमॉइलची घळ.
ही तेव्हा पांढरी होती, बर्फात चटकन सापडेना.
सेजब्रशच्या झुडपात एक बूट पडला होता,
नाडी नीट बांधलेला.
पोरगा जगला. पुढचं मी कधी कुणाला विचारलं नाही.

कोल्टनला यातलं काही ठाऊक नव्हतं.
रंग बघून घेतली, तो म्हणाला, आणि बायकोकडे बघितलं.

मी हाक मारली. नेकानेचं जॅकेट नवं होतं,
तरी ती माझ्या शेजारी खडीवर आडवी झाली.
तिचं बोट धरून मी त्या वणावरून फिरवलं.
बराच वेळ आम्ही दोघं गाडीच्या पोटाकडे बघत राहिलो,
लहानपणी तारे बघायचो तसे.
"कितीचा होता?"
सतराचा.
"पट्टा?"
लावला होता. म्हणून तर.
"आणि बूट?"
बुटाचं मी तिला सांगितलं होतं हे मला तेव्हा कळलं.
बूट अजून माझ्या गॅरेजमध्ये आहे, मी म्हणालो.
न्यायला कुणी आलंच नाही.

मी नको म्हणालो नाही. तीही हवी म्हणाली नाही.
कोल्टनच्या बायकोने आम्हाला लिंबू सरबत दिलं,
फार गोड होतं, आम्ही ते संपवलं.

परतताना आईची मळकी स्टेशन वॅगन तीच चालवत होती.
खिशातलं बदक काढून तिने डॅशबोर्डवर ठेवलं.
पहिल्या वळणावर ते घसरलं,
काचेला टेकलं, माझ्या मांडीवर पडलं.
मी ते उचलून पुन्हा जागेवर ठेवलं. बोललो काहीच नाही.
ती म्हणाली, "याला खालून डिंक लावायला हवा."
दुसरं वळण यायला अजून अर्धा मैल होता
आणि तिचा पाय ब्रेकवर गेला होता.